गेलेली वीज परत येतांना

पेण-रोह्याच्या पट्ट्यांत पावसाळ्याच्या दिवसांत वीज गेली, तर ती कांहीं बातमी होत नाहीं. संध्याकाळीं आभाळ भरून येतें, वारा सुटतो, कोठें तरी एखादी फांदी तारेवर टेकते, आणि घरांतील दिवे, पंखे, रेडिओ हीं सर्व एकदम स्तब्ध होतात. माणसें मेणबत्ती शोधूं लागतात, मुलें उगाच ओरडतात, आणि थोड्या वेळानें वीज परत आली म्हणजे सर्वांच्या तोंडून एकच आनंदाचा उद्गार निघतो. वीज गेली त्या क्षणीं कोणता दिवा जळत होता आणि कोणता पंखा फिरत होता, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. ठेवण्याचें कारणहि नसतें. दिवा आपोआप लागला तर त्यांत कोणाचें कांहीं बिघडत नाहीं.

परंतु याच गांवांतून लांकूडकामाचीं दुकानें आहेत. आणि मुंबई-पुण्यास नोकरी करून निवृत्त झालेले कित्येक गृहस्थ आतां वडिलोपार्जित घराच्या पडवींत हौसेनें सुतारकामाचें लहानसें बिऱ्हाड थाटूं लागले आहेत. या ठिकाणीं एक यंत्र हटकून आढळतें, आणि त्याच्या बाबतींत वीज जाण्यापेक्षां वीज परत येण्याचीच धास्ती अधिक बाळगावी लागते. तें यंत्र म्हणजे टेबलाखालीं उलटा टांगलेला राउटर.

राउटर या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधण्याच्या भानगडींत पेणचे सुतार पडलेले नाहींत, आणि इतरांनींहि पडूं नये. लांकडाच्या कडेला गोलाई द्यावयाची, पाटाला खाच पाडावयाची, तसबिरीच्या चौकटींत कांच बसण्याजोगी पायरी कोरावयाची, तर पूर्वीं त्या त्या आकाराचे निरनिराळे रंधे आणि पटाश्या लागत. आणि मुख्य म्हणजे मनगटांत वर्षानुवर्षांची संवय लागे. राउटरनें हें सर्व एका मोटारीवर आणून ठेवलें. मोटारीच्या आंसाच्या टोकाला कोलेट नांवाचा चिमटा असतो. त्यांत ६, ८ किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या दांड्याचें पातें कसून बसवितात, त्यास बिट म्हणतात. बिट बदललें कीं नक्षी बदलली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंतील सिरॅक्यूस येथें आर. एल. कार्टर या कारागिरानें विजेच्या हातराउटरचा धंदा मांडला आणि १९२९ सालीं तो स्टॅन्ले कंपनीकडे गेला. म्हणजे यंत्राचें वय शंभर वर्षांच्या घरांत आहे; कोंकणांतील लहान दुकानांत मात्र तें अलीकडेच रुळलें.

या यंत्राचा सगळा पराक्रम त्याच्या वेगांत आहे. मिनिटास २०,००० फेरे ही त्याची साधी चाल. सेकंदाचा हिशेब केला तर ते ३०० हून अधिक होतात. डोळ्याची पापणी एकदां मिटून उघडते तेवढ्या अवधींत बिटाचे शंभराच्या आसपास फेरे होऊन जातात. ५० मिलिमीटर व्यासाचें मोठें बिट मिनिटास २२,००० फेरे घेऊं लागलें, तर त्याच्या धारेचा वेग ताशीं २०० किलोमीटरांच्या वर जातो. (म्हणूनच मोठ्या बिटाला वेग कमी द्यावा असें सांगतात.) करवतीनें बोट कापलें तर डॉक्टरला निदान दोन कडा शिवावयास मिळतात. राउटरचें बिट कापीत नाहीं. तें उकरून काढतें, आणि जें उकरलें गेलें तें भुशांत जातें.

आतां हें यंत्र उलटें कां टांगावयाचें? मोठी फळी असेल तर राउटर हातांत धरून फळीवरून फिरवितां येतो. पण देव्हाऱ्याचा चार बोटें रुंदीचा तुकडा किंवा चौरंगाचा पाय राउटरखालीं स्थिर धरणें कठीण असतें. यंत्रच तुकड्यापेक्षां मोठें! म्हणून राउटर टेबलाच्या खालच्या अंगास घट्ट बसवितात, बिट तेवढें भोंकांतून वर येतें, मागें एक आडवी पटरी असते, आणि कारागीर पटरीला टेकवून लांकूड उजवीकडून डावीकडे सरकवीत नेतो. वरून पाहिलें तर बिट घड्याळाच्या उलट दिशेनें फिरत असतें. तेव्हां उजवीकडून आलेलें लांकूड त्याच्या धारेला सामोरें जातें आणि हातांत आटोक्यांत राहतें. उलट दिशेनें सरकविलें तर बिट तें हिसकावून घेतें. या कामांत दोन्ही हात लांकडावर लागतात. ही दोन हातांची गोष्ट पुढील विवेचनाकरितां ध्यानांत ठेवावी.

राउटर बनविणारानें त्याचा खटका, तें यंत्र हातांत धरणाऱ्याच्या अंगठ्याशीं यावा अशा बेतानें ठेवलेला असतो. यंत्र उलटें झालें कीं हाच खटका टेबलाखालच्या अंधारांत, भुशाच्या थरांत आणि बहुधा पलीकडच्या बाजूस जातो. खटक्याची ‘चालू’ बाजू कोणती हेंहि उलटें होतें. यंत्र सुरू करावयाचें म्हणजे कमरेंत वांकून, मान तिरपी करून, हाताच्या स्पर्शानें खटका हुडकावयाचा. आणि हें करीत असतां डोक्यापासून वीतभर अंतरावर टेबलाच्या वर काय चाललें आहे तें दिसत नाहीं. सुरू करतांना हें एक वेळ चालतें. परंतु लांकूड अडकलें, बिट सैल झालें, कांहीं तरी करकरलें, आणि त्याच क्षणीं यंत्र बंद करावयाचें आहे, अशा वेळीं माणूस एक हात लांकडावर ठेवून दुसरा टेबलाखालीं घालतो. लांकडावर राहिलेल्या त्या एकट्या हाताचें काय होईल, हें तो पाहूं शकत नाहीं.

यावर लोकांनीं काढलेल्या युक्त्या पाहण्यासारख्या आहेत. कोणी राउटरचा खटका कायमचा चालू करून, तो दाबून धरावयाच्या जातीचा असेल तर सुतळीनें किंवा चिकटपट्टीनें बांधून टाकतो, आणि भिंतीवरच्या खटक्यावर यंत्र चालवितो. आपल्याकडे प्रत्येक प्लगाच्या जागेशेजारीं खटका असतो, ही सोय पुष्कळ देशांत नाहीं. त्यामुळें ही युक्ति सुचणें साहजिकच आहे. पण भिंत तीन पावलें दूर असते, आणि तीं तीन पावलें टाकण्यापूर्वीं लांकडावरचे हात सोडावे लागतात. कोणी घरांत इस्त्रीसाठीं वापरतात तसला लोंबता बोर्ड आणून टेबलाच्या पायाशीं ठेवतो, आणि पायाच्या अंगठ्यानें खटका दाबतो. हा प्रकार पाहणाऱ्याला विनोदी वाटतो. पण भुसा, ओलसर जमीन आणि उघडा बोर्ड यांच्यावर अनवाणी पाय, हा विनोद फार दिवस टिकणारा नव्हे.

येथवर गैरसोयीची कथा झाली. खरा धोका याहून निराळा आहे, आणि तो शांततेंत येतो.

समजा, गणेशचतुर्थी दोन आठवड्यांवर आली आहे. पेणच्या आसपास, हमरापूर-जोह्यापर्यंत, मूर्तीच्या कारखान्यांत रंगकामाची धांदल चालली आहे, आणि सुतारांकडे पाट, चौरंग, मखरें यांच्या मागण्यांचा तगादा आहे. सुतार फणसाच्या लांकडाच्या पाटाची कड काढतो आहे. पाट अर्धा सरकला आणि वीज गेली. यंत्राचा आवाज उतरत उतरत थांबला. सुतारानें पाट मागें घेतला. पाहतो तों बिटावर चीक जळून काळा थर बसला आहे. वीज नाहीं तोंवर बिट काढून स्वच्छ करावें, वेळ फुकट जाऊं नये, हा विचार उद्योगी माणसाच्याच मनांत येतो. आळशी माणूस चहाला जातो आणि वांचतो. उद्योगी माणूस एका हातांत पाना घेतो, दुसऱ्या हाताचीं बोटें बिटावर ठेवतो. राउटरचा खटका टेबलाखालीं आहे. तो चालूच राहिला आहे, कारण वीज गेली तेव्हां त्याला कोणी हात लाविला नाहीं. भिंतीवरचा खटकाहि चालूच आहे. अर्ध्या मैलावर रोहित्रापाशीं वायरमननें फांदी काढली आहे आणि तो आपलें काम चोख बजावून वीज सोडीत आहे.

या प्रसंगांत कोणाचीच चूक दाखवितां येत नाहीं. सुतारानें कामचुकारपणा केला नाहीं, वायरमननें हयगय केली नाहीं, यंत्रहि नादुरुस्त नव्हतें. यंत्र तर आज्ञाधारकपणें वागलें. त्याला ‘चालू’ म्हणून सांगून ठेविलें होतें, तें चालू झालें.

वीज थोडक्यांत परत आली तर निदान माणसाला आठवण असते. लांबली तर तीहि राहत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर चढलें, आणि विजेचे खांब एवढे आडवे झाले कीं कित्येक गांवांना कित्येक दिवस अंधारांत काढावे लागले. इतक्या दिवसांनीं वीज येते तेव्हां दुकान बंद असतें, मालक कौलांच्या डागडुजींत गुंतलेला असतो, आणि वादळाच्या दिवशीं टेबलावर कोणतें लांकूड बिटाला टेकून राहिलें होतें, हें कोणाला आठवणार? रिकाम्या दुकानांत रात्रीं यंत्र सुरू झालें आणि लांकडाच्या एकाच जागेवर बिट घासत राहिलें, तर धूर निघतो. भोंवतीं भुसा असतो. बोटें जाण्याचा धोका गेला म्हणून घर जाण्याचा गेला असें नव्हे.

या मुलुखाचें आणि विजेचें नातें जुनें आहे. कुंडलिकेच्या वरच्या अंगास भिरा येथें टाटांचें जलविद्युत्गृह १९२७ सालीं सुरू झालें. त्या वेळीं हा जिल्हा कुलाबा होता, रायगड हें नांव १९८१ सालीं मिळालें. मुळशीच्या धरणाचें पाणी घाट उतरून तेथील चक्रांवर पडतें आणि मग कुंडलिकेंतून रोह्याकडे वाहूं लागतें. कोलाडपाशीं नदींत होड्या घालणारे लोक त्या पाण्याच्या वेळा सांभाळून असतात. पाणी केव्हां वाढणार हें ठाऊक असल्यावांचून ते पात्रांत उतरत नाहींत. तारेंतून परत येणाऱ्या विजेची मात्र अशी वेळ कोणास सांगतां येत नाहीं. तेव्हां तिच्या वाटेवर दार बसविणें, आणि तें दार माणसानें स्वतः उघडल्यावांचून उघडणार नाहीं अशी तजवीज करणें, एवढाच मार्ग उरतो.

अशी तजवीज नवी नाहीं, आणि परकी तर मुळींच नाहीं. विहिरीवर विजेचा पंप असलेल्या शेतकऱ्यानें ती रोज पाहिली आहे. पंपाच्या खोपटांत जी स्टार्टरची पेटी असते, तिच्यावर एक हिरवें आणि एक तांबडें अशीं दोन बटणें असतात. वीज गेली कीं पंप थांबतो. परंतु वीज आली म्हणून तो आपण होऊन सुरू होत नाहीं. रात्रीं दोन वाजतां वीज आली तर दोन वाजतां उठून, कंदील किंवा बॅटरी घेऊन, बांधावरून जाऊन हिरवें बटण दाबावें लागतें. हा त्रास चुकविण्यासाठीं शेतकऱ्यांनीं स्टार्टरला ‘ऑटो स्विच’ जोडण्यास सुरुवात केली, म्हणजे वीज येतांच पंप आपोआप सुरू व्हावा. परिणाम असा होतो कीं, वीज परत येतांच एका रोहित्रावरचे सगळे पंप एकाच क्षणीं झेप घेतात आणि रोहित्रावर असह्य भार पडून तें जळतें. ऑटो स्विच काढून टाका, असें महावितरण शेतकऱ्यांना वरचेवर विनवीत असते तें याचमुळें. शेतकऱ्याला जी अडचण वाटली तीच त्या पेटीची खरी करामत आहे. आणि राउटरच्या टेबलाला तीच करामत लहान आकारांत हवी असते.

तिची आंतील रचना समजण्यास कठीण नाहीं. हिरवें बटण दाबलें कीं आंतल्या दोन पट्ट्या एकमेकींस टेकतात आणि मोटारीकडे वीज जाते. या पट्ट्या आपल्या बळावर टेकून राहत नाहींत. मागची स्प्रिंग त्यांना सदैव दूर ओढीत असते. बटणावरचें बोट काढल्यानंतरहि त्या टेकून राहतात त्या एका विद्युच्चुंबकाच्या जोरावर. बारीक तारेची एक गुंडाळी असते, तिच्यांत लोखंडी गाभा. गुंडाळींतून वीज वाहूं लागली कीं गाभा लोहचुंबक बनतो आणि पट्ट्यांना धरून ठेवतो. आतां खरी खुबी ही कीं, या गुंडाळीला लागणारी वीज त्याच टेकलेल्या पट्ट्यांतून घेतलेली असते. वीज गेली, चुंबकत्व गेलें, स्प्रिंगनें पट्ट्या दूर ओढल्या. आतां वीज परत येऊन पेटीच्या तोंडाशीं उभी राहिली तरी गुंडाळीपर्यंत जाण्याची तिची वाट तुटलेली आहे. गुंडाळी जागी झाल्यावांचून पट्ट्या टेकणार नाहींत, आणि पट्ट्या टेकल्यावांचून गुंडाळी जागी होणार नाहीं. हा पाहुणा आपण होऊन आंत येऊं शकत नाहीं. घरच्यानेंच उठून कडी काढावी लागते. तांबडें बटण दुसरें कांहीं करीत नाहीं, गुंडाळीची वाट तोडतें. म्हणजे माणसानें मुद्दाम घडवून आणलेलें एक लहानसें वीज जाणेंच तें.

वायरमन या गुंडाळीला ‘नो-व्होल्ट कॉईल’ म्हणतात. लांकूडकामाच्या यंत्रांसाठीं तिचा तळहाताएवढा खटका मिळतो, दुकानांत ‘एन.व्ही.आर. स्विच’ किंवा ‘मॅग्नेटिक स्विच’ म्हणून मागितल्यास समजतें. तिचा आणखी एक गुण असा कीं, विजेचा दाब बराच उतरला तरीहि ती पट्ट्या सोडून देते. रोह्याच्या आसपासच्या वाड्यांवर संध्याकाळीं दिवे पिवळे पडूं लागतात त्या वेळीं यंत्र मधेंच बंद पडलें, तर खटका बिघडला असें समजून त्याला शिव्या देऊं नयेत. त्यानें आपलें काम केलें.

खटका घेतांना त्यावरचा अँपिअरचा आंकडा पाहावा. १,६०० वॅटचा राउटर २३० व्होल्टांवर सुमारें ७ अँपिअर ओढतो, २,००० वॅटचा सुमारें पावणेनऊ. आणि सुरू होण्याच्या क्षणीं तर याच्या कितीतरी पट. तेव्हां घरांतील दिव्यापंख्यांच्या ६ अँपिअरच्या प्लगावर किंवा तसल्या बोर्डावर हें यंत्र चालविणें चुकीचें आहे. त्याला १६ अँपिअरची मोठी पिन, जाड तार आणि तितक्याच ताकदीचा खटका लागतो. कमी ताकदीचा खटका लगेच जळत नाहीं, आणि तेंच वाईट. दर वेळीं पट्ट्या सुटतांना बारीक ठिणगी उडते, पट्ट्यांचीं तोंडें वितळतात, आणि एके दिवशीं त्या एकमेकींस चिकटून बसतात. मग तांबडें बटण दाबलें जातें, पण यंत्र थांबत नाहीं. धूळकोंबडीसारखा भुशांत लोळणारा हा खटका असल्यामुळें त्याची पेटी बंदिस्त आणि झांकणाची असावी, हें निराळें सांगणें नको.

आतां जागेचा प्रश्न. दोन्ही हात लांकडावर आहेत, हें मघां सांगितलें. तेव्हां यंत्र बंद करण्याचें काम हातांवर सोंपवूंच नये. तें मांडीवर किंवा गुडघ्यावर सोंपवावें. खटका टेबलाच्या पुढच्या कडेखालीं, उभ्या माणसाच्या मांडीच्या उंचीवर, बिटाच्या समोरून जरा बाजूस बसवावा. मग त्याच्यापुढें प्लायवूडची एक झडप वरच्या अंगाला बिजागरीनें टांगावी, पोळपाटाएवढी. झडपेला आंतून एक ठोकळा असावा, तो नेमका तांबड्या बटणावर यावा. आणि हिरव्या बटणासमोर झडपेंत बोट जाईल एवढेंच भोंक ठेवावें. अशी रचना झाली कीं मांडीनें, गुडघ्यानें, पोटानें, कशानेंहि झडप ढकलली तरी यंत्र बंद पडतें. सुरू करावयाचें तर मात्र भोंकांत बोट घालून हेतुपुरस्सर दाबावें लागतें. बंद करणें सोपें आणि सुरू करणें थोडें कष्टाचें, हा नियम बहुतेक खटक्यांच्या बाबतींत उलटा पाळलेला दिसतो. ही झडप कोणत्याहि सुताराला अर्ध्या तासाचें काम आहे, आणि विकत घेतलेल्या कोणत्याहि झडपेपेक्षां ती त्याच्या उंचीला अधिक नेमकी बसते.

हें सगळें लहान दुकानाला कोणी सांगत नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमांत २४ वें कलम याच विषयावर होतें. प्रत्येक कामाच्या खोलींत धांवतें यंत्र तांतडीनें बंद करण्याचें साधन पाहिजे. आणि पुढें तर, जें साधन चुकून ‘बंद’ वरून ‘चालू’ वर सरकूं शकेल त्याला अडकवून ठेवण्याची सोय पाहिजे, असेंहि त्यांत घातलें गेलें. धाटावच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कारखान्याचा व्यवस्थापक या गोष्टी पाठ म्हणून दाखवील. पण दोन माणसांचें सुताराचें दुकान किंवा निवृत्त गृहस्थाची पडवी हीं कारखान्याच्या व्याख्येंतच बसत नव्हतीं. बोटें मात्र दोन्हीकडे सारखींच असतात.

एक अडचण अशी कीं, ती खरेदीपूर्वींच लक्षांत आलेली बरी. कांहीं नव्या राउटरांच्या पोटांतच पुनः सुरू न होण्याची सोय केलेली असते. त्यांचा स्वतःचा खटका चालू ठेवून बाहेरून वीज दिली तर ते हलत नाहींत. खटका एकदां बंद करून पुन्हां चालू करावा लागतो. हातांत धरून वापरण्यास हा गुण उत्तम. परंतु टेबलाखालीं टांगल्यावर बाहेरचा खटका निरुपयोगी ठरतो आणि दर वेळीं खालीं वांकावें लागतें. टेबलासाठींच राउटर घ्यावयाचा असेल तर दुकानदारासमोर ही परीक्षा करून घ्यावी. तसेंच, वेग कमी करण्यासाठीं पंख्याचा रेग्युलेटर मधें जोडूं नये. राउटरचा वेग राउटरवरच्या चाकीनेंच बदलावा. आणि हल्लीं घरांतले दिवे मोबाईलवरून लावण्याचे प्लग निघाले आहेत, ते येथें कटाक्षानें टाळावेत. दुसऱ्या खोलींतून सुरू होऊं शकणारा राउटर ही सोय कोणाला पाहिजे आहे?

या खटक्याकडून भलत्या अपेक्षाहि ठेवूं नयेत. मुख्य फळीवर जो एम.सी.बी. असतो तो तारा जळण्यापासून वांचवितो. आर.सी.सी.बी. म्हणून जो दुसरा असतो, ३० मिलिअँपिअरची गळती होतांच तुटणारा, तो माणसाला धक्क्यापासून वांचवितो. कोंकणच्या दमट हवेंत तो असलाच पाहिजे. टेबलाचा सांगाडा लोखंडी असेल तर त्याला अर्थिंग द्यावें, मग राउटरवर चौकोनांत चौकोन अशी दुहेरी आवरणाची खूण कां असेना. हें जोडकाम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्यावें. नो-व्होल्टचा खटका यांपैकीं कोणाचेंहि काम करीत नाहीं. तो फक्त परत येणाऱ्या विजेला दाराशीं थांबवितो. फिरत्या बिटावर बोट गेलें तर या तिघांपैकीं एकहि मध्यें पडत नाहीं. त्यासाठीं बिटावरची कड, ढकलण्याची काठी आणि सावधपणा यांवांचून गत्यंतर नाहीं.

शिवाय यंत्र बंद केलें म्हणजे बिट थांबलें असें होत नाहीं. वीज तुटल्यावरहि कांहीं सेकंद तें फिरत राहतें. आवाज उतरतो म्हणून तें थांबल्याचा भास होतो. तें आपलें आपण थांबूं द्यावें, लांकूड टेकवून थांबवूं नये. आणि बिट बदलतांना, चिमटा सोडतांना, भुसा काढतांना कोणत्याच खटक्यावर, या नव्या खटक्यावरहि, विश्वास ठेवूं नये. प्लग भिंतींतून उपसून टेबलावर, डोळ्यांसमोर ठेवावा आणि मगच पाना उचलावा. पडवींत नातवंडें खेळत असतील तर काम संपल्यावर प्लग उपसून खोक्यांत घालून कुलूप लावणारे गृहस्थहि आहेत. त्यांना भित्रे म्हणण्याचें कारण नाहीं.

खटका बसविल्यावर त्याची परीक्षा घेण्याची रीत सोपी आहे, आणि ती मृगाच्या आधीं एकदां व पुढें पावसाळाभर महिन्यांतून एकदां घ्यावी. लहानसें बिट नीट कसून बसवावें, टेबलावर लांकूड, पाना कांहीं ठेवूं नये, आणि हिरवें बटण दाबून यंत्र सुरू करावें. मग टेबलाला हात न लावतां भिंतीवरचा खटका बंद करावा. बिट पुरतें थांबूं द्यावें. आतां भिंतीवरचा खटका पुन्हां चालू करावा आणि पाहावें. यंत्र गप्प राहिलें पाहिजे. थोडा वेळ थांबून पाहिलें तरी गप्पच राहिलें पाहिजे. नंतर यंत्र सुरू करून मांडीनें झडप ढकलावी आणि तें बंद होतें कीं नाहीं हेंहि पाहावें. या दोहोंपैकीं एकांत जरी खटका चुकला, तर प्लग काढून ठेवावा, आणि दुसरा खटका येईपर्यंत चौरंगाच्या कडा रंध्यानें आणि पटाशीनें काढाव्यात.